लाडकीबायची एकेचाळीस गाणी

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून कुंदन तामोरेचं दुकानही शुक्रवारी बंद. बोईसरच्या नवापूर नाक्यापासून थोडं आत, एका झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर त्याची एक खोली होती. लॅपटॉप, प्रिंटर, काय बिघडलेलं येईल ते तो आणि त्याचा भागीदार मेहुल दुरुस्त करायचे. घर नवापुरात, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. शुक्रवार हा कुंदनचा उशिरापर्यंत लोळायचा दिवस. त्या शुक्रवारीही तो लोळतच होता, तेवढ्यात फोन वाजला.

"कुंदनदादा, मी स्वाती बोलते. नामदेव गुरुजींची पोरगी, आंबटपाड्याची."

कुंदन ताडकन उठून बसला. तीन वर्षांत हे नाव कुणी त्याच्यासमोर काढलं नव्हतं, आणि तीन वर्षांत एकही आठवडा असा गेला नव्हता की त्याला ते आठवलं नाही.

"लॅपटॉप चालूच नाय होत," स्वाती सांगत होती. "मंगळवारी अपडेट चाललेलं, मधीच लाईट गेली. बॅटरी तर कधीच मेलेली. आता नुसतं गोल फिरतं, बंद पडतं, परत गोल फिरतं. माझा नर्सिंगचा प्रोजेक्ट हाय त्यात, सोमवारी द्यायचाय. दुकानात आणला असता, पण बाबांना लकवा झालाय, त्यांना सोडून निघता येत नाय. बाबा म्हणतात दुसऱ्या कुणाकडं द्यायचा नाय. कुंदनशेठच पाहिजे. तो माणूस सच्चा हाय म्हणतात."

नाही म्हणायला कुंदनकडे दहा कारणं होती. पण त्या शेवटच्या शब्दानंतर त्याच्या तोंडून 'येतो' एवढंच निघालं.

तीन वर्षांपूर्वी नामदेव गुरुजी हाच लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून, दोन टमटम बदलून त्याच्या दुकानी आले होते. तेव्हाही हेच झालं होतं. अर्ध्यावर तुटलेलं अपडेट, आणि पडदा निळा. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. बोलणं सावकाश, एकेक शब्द मोजून. ते म्हणाले होते, "शाळेचं काय गेलं तरी चालंल. पण माझी आई हाय त्यात. लाडकीबाय. धवलेरी होती ती, आमच्यातली लग्नं लावायची, गाणी म्हणून. सहा वर्षं बसून तिची गाणी भरली मी. एकेचाळीस गाणी. आता ती नाय." जाताना जिन्यावरून परत फिरून त्यांनी पुन्हा सांगितलं होतं, "तेवढं सांभाळा."

त्या दिवशी दुकानात मशिनींचा ढीग पडला होता. आधी डिस्कवरचा माल काढून घ्यायचा आणि मग नवी सिस्टीम घालायची, हे कालचं पोरही सांगेल. पण त्यात दोन-अडीच तास जातात. मेहुलने विचारलं होतं, "यातलं काही ठेवायचंय काय रे?" आणि कुंदन हसला होता. चहाचा ग्लास हातात धरून म्हणाला होता, "जंगलातल्या माणसाला लॅपटॉप दिला की असंच होतं. कुठल्यातरी मेलेल्या म्हातारीचं केकाटणं असेल. उडव."

मेहुलने बटण दाबायला आढेवेढे घेतले, तेव्हा ते कुंदनने स्वतः दाबलं.

दोन दिवसांनी गुरुजी आले. कुंदन त्यांच्या डोळ्यांत न बघता म्हणाला, "डिस्क आधीच गेलेली होती गुरुजी. खूप प्रयत्न केला, काही निघालं नाही." गुरुजी बराच वेळ त्या लॅपटॉपवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी हात जोडले. "तुमी येवढी खटपट केली, ती काय कमी हाय?" आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी हाती त्यांनी वालाच्या शेंगांची पिशवी पाठवली. घरी भाजी झाली, सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. कुंदनला एक घास उतरला नाही.

आणि 'जंगलातला माणूस' म्हणून हसणारा हा कुंदन कोण, तर हंसा मांगेलीणीचा पोरगा. आईच्या पाटीतल्या माशांचा वास अंगाला येतो म्हणून शाळेत ज्याच्या बाकावर कुणी बसायचं नाही, तो. हिणवलेलं कसं लागतं हे त्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच ते वाक्य त्याच्या मनातून जात नव्हतं. भाकरी मोडताना, गाडीला किक मारताना, कुणाचा स्क्रू पिळताना ते आपोआप आत उमटायचं, आणि कानशिलं तापायची.

दुपारी दीडच्या सुमारास तो निघाला. बाईकच्या डिकीत हत्यारं, दोन पेन ड्राइव्ह, एक रिकामी डिस्क, आणि लाईटचा भरवसा नको म्हणून स्वतःची बॅटरी. नागझरी मागे पडली, चिल्हार फाट्याला हायवे ओलांडला, आणि डांबर संपून लाल फुफाटा सुरू झाला. भातं कापून झाली होती. खाचरांत नुसते खुंट उभे होते आणि खळ्यांवरही कुणी दिसत नव्हतं. पाड्याच्या अलीकडे गुरुजींचं घर एकटंच होतं, मोहाच्या झाडांच्या आडोशाला. कुडाच्या भिंती, कौलं, पुढे सारवलेला ओटा.

ओट्यावर खुर्चीत गुरुजी बसले होते. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. कुंदनला बघून त्यांचं अर्धं तोंड हसलं.

"या... या. लांब पडलं ना?"

"नाही गुरुजी," कुंदन म्हणाला. त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. असं तो गिऱ्हाइकांना कधी करत नसे.

स्वातीने कोरा चहा दिला आणि त्याला आत नेलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण उंबरा ओलांडला तसा डोळ्यांपुढे मिट्ट काळोख आला. खिडकी नव्हतीच. कौलांतल्या एका काचेतून पांढऱ्या उजेडाचा एक चौकोन जमिनीवर पडला होता, आणि त्या चौकोनाच्या कडेला पाटावर लॅपटॉप ठेवलेला. धुराचा, नव्या भाताचा वास. बाजूला कणगी. कुंदनने मांडी घातली. ओळखीच्या कुणासमोर बसावं तसं त्याला वाटलं. झाकणावरचा तो चरा त्याच्याच स्क्रूड्रायव्हरचा होता.

बटण दाबलं. पंखा घरघरला. 'अपडेट सुरू आहे. कृपया संगणक बंद करू नका.' पस्तीस टक्के. ठिपके गोल फिरले, पडदा काळा झाला, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"होईल," तो स्वातीला म्हणाला. "अर्धवट बसलेलं अपडेट मागे काढावं लागेल. पण आधी मी सगळं दुसरीकडे उतरवून घेतो. त्याशिवाय कशाला हात लावणार नाही."

"बरं दादा. मी पाणी घेऊन येते विहिरीवरून. बाबा बाहेर हायेत." दारात ती थबकली आणि तिने नाक वर करून हुंगलं. "हळद कुणी वाटली?"

कुंदनलाही तो वास आला. ओल्या हळदीचा, नवऱ्या मुलाच्या अंगाला येतो तसा. जवळच कुठेतरी.

"पाड्यात लग्न असेल," तो म्हणाला.

"आता? भातं तर आत्ताशी घरात आली," असं पुटपुटत स्वाती गेली. तिच्या हंड्याचा आवाज लांब लांब गेला आणि मग काहीच ऐकू येईना.

पेन ड्राइव्हवर कुंदनची एक छोटी वेगळी सिस्टीम होती. आजारी डिस्कला न उठवता तिच्यातलं सगळं बघता यायचं, ऐकताही यायचं. ती लावून त्याने डिस्क उघडली. स्वातीचा प्रोजेक्ट सापडला. तो उतरवून घेतला. फोटो उतरवले. कुणाकुणाचे भरलेले फॉर्म उतरवले. आणि त्या सगळ्याच्या खाली एक फोल्डर होतं. त्याचं नाव 'आई'.

त्याने ते उघडलं. आत एकेचाळीस फाईली होत्या.

तीन वर्षांपूर्वी या डिस्कवर त्याने स्वतः नांगर फिरवला होता. नुसतं वरवर नाही. वेळ वाचावा म्हणून डिस्क साफ पुसून तिचे नवे भाग पाडले होते. पुढे तीन वर्षं तिच्यावर दुसरं लिहिलं गेलं होतं. एखादी तुटकी चिंधी मिळाली असती तर समजण्यासारखं होतं. पण ही एकेचाळीस गाणी जशीच्या तशी, नावांसकट होती. 'देवक.' 'तेल चढवणे.' 'मांडव.' तारखाही जुन्याच.

आधी त्याला आनंद झाला, हे खरं. पाठीवरचं ओझं कुणीतरी अलगद काढून घेतल्यासारखं झालं. त्याने कानात इयरफोन घातले आणि 'मांडव' लावलं.

म्हातारीचा आवाज घोगरा होता, पण सूर सुटत नव्हता. 'मांडव घातीला गो... कोण कोण आलं...' आणि मग एकेक नाव. नदी आली, डोंगर आला, वाघ आला, मुंगी आली. कुंदनने डोळे मिटले. यालाच तो केकाटणं म्हणाला होता.

डोळे उघडले तेव्हा यादीत बेचाळीस फाईली होत्या.

बेचाळिसाव्या फाईलला नाव नव्हतं. लांबी चौदा मिनिटं. तारीख तीन वर्षांपूर्वीची, आणि वेळ दुपारची चार वाजून दहा मिनिटं. ही वेळ त्याला पाठ होती. बटण दाबायच्या जरा आधी त्याने घड्याळात बघितलं होतं, चहावाला अजून ग्लास न्यायला आला नाही म्हणून. ती चौदा मिनिटं या मशीनमध्ये ऐकणारं, टिपून घेणारं काहीच जिवंत नव्हतं. आधी पडदा निळा होता, आणि मग सगळं पुसलंच जात होतं.

कुंदनने दारातून बाहेर बघितलं. गुरुजींची पाठमोरी मान दिसत होती, हालचाल नाही. त्याने फाईल उघडली.

तेच गाणं. कोण कोण आलं. पण लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं. त्या गाण्यावर हळूहळू दुसरे आवाज चढू लागले. पंख्याची किरकिर. खालच्या झेरॉक्स मशीनची धडधड. टेबलावर टेकलेला काचेचा ग्लास. मग मेहुलचा आवाज, अगदी स्वच्छ.

"यातलं काही ठेवायचंय काय रे?"

पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं. थांबवायचं बटण बोटाखालीच होतं, पण बोट हलेना. आणि मग तो स्वतः हसला, तीन वर्षांपूर्वीचं ते हसू, आणि ते वाक्य सावकाश, शब्दन् शब्द त्याच्या दोन्ही कानांत ओतलं गेलं. आपला आवाज इतका निर्लज्ज असू शकतो हे माणसाला सहसा कळत नाही.

'उडव.'

म्हातारीचं गाणं मधेच तुटलं.

पंखा किरकिरत होता. कुणीच बोलत नव्हतं. आणि मग अगदी जवळून, ओठ कानाला टेकवून विचारावं तसा तो घोगरा आवाज आला...

"कोण रं...? कोण पुसतंय?"

त्याने इयरफोन खेचून फेकले. खोलीत हळदीचा वास एवढा दाटला होता की घसा खवखवू लागला. जमिनीवरचा उजेडाचा चौकोन सरकून कणगीवर चढला होता. म्हणजे दोन तास तरी गेले होते. चौदा मिनिटांची फाईल, आणि दोन तास.

आणि त्याने पहिलं काय केलं? गुरुजींना हाक मारली नाही, उठून पळालाही नाही. त्याने ती बेचाळिसावी फाईल निवडली आणि पुसून टाकली. कुणी ऐकायच्या आत. यादीत पुन्हा एकेचाळीस उरल्या तेव्हा कुठे त्याचा श्वास परत आला, आणि मग आपण काय केलं हे ध्यानात येऊन तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिला. भीती होतीच. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती.

विहिरीवर गर्दी होती म्हणत स्वाती परत आली तेव्हा त्याचं काम सुरू होतं. गाणी दोन्ही पेन ड्राइव्हवर आणि रिकाम्या डिस्कवर, तीन ठिकाणी उतरवली होती. अर्धवट अपडेट त्याने मागे काढलं, तुटलेल्या फाईली जागच्या जागी बसवल्या, स्वतःची बॅटरी जोडून दिली आणि अपडेट पहिल्यापासून लावलं. टक्के चढत गेले. पस्तीसला त्याने श्वास रोखला. छत्तीस झाले. शंभर झाले, आणि लॅपटॉप नीट सुरू झाला. स्वातीने टाळी वाजवली.

कुंदन लॅपटॉप उचलून ओट्यावर गेला आणि गुरुजींच्या पायाशी बसला. उन्हं उतरली होती.

"गुरुजी, तुमच्या आईची गाणी मिळाली. सगळी."

गुरुजींनी उजवा हात पुढे केला. कुंदनने 'मांडव' लावलं. म्हातारीचा आवाज ओट्यावरून खाचरांकडे गेला तसं गुरुजींच्या अर्ध्या तोंडावरून आणि अर्ध्या न हलणाऱ्या तोंडावरूनही पाणी वाहू लागलं. स्वाती दाराला टेकून उभी होती.

"सच्चा माणूस," गुरुजी म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

आता मात्र कुंदनला सहन होईना.

"नाही गुरुजी. मी खोटं बोललो होतो. डिस्क गेलेली नव्हती. मी न बघता पुसली. घाईत होतो. तुम्ही दोनदा सांगितलं होतं, तरी पुसली."

गाणं चालूच होतं. वाघ आला, मुंगी आली. गुरुजींनी गाणं पुरं होऊ दिलं. मग त्यांनी विचारलं, "पुसली... मग आज कुठून आली?"

"मला माहीत नाही."

"हं." गुरुजी मोहाच्या झाडांकडे बघत राहिले. "आई म्हणायची, गाणं मधी तोडू नये. तोडलं तर ते तोडणाऱ्याच्या मागं जातं. पुरं करून घ्यायला." मग त्यांनी मान वळवून कुंदनकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आणि दुसरं काय?"

"काय गुरुजी?"

"दुसरं काय सांगायचं हाय?"

ते वाक्य त्याच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. दाराशी स्वाती उभी होती, आणि आत्ताच त्या म्हातारीचा आवाज तिघांनी ऐकला होता. कुंदनने मान खाली घातली.

"दुसरं काही नाही."

"बरं," गुरुजी म्हणाले.

निघताना स्वातीने त्याच्या हातात नव्या तांदळाची पुरचुंडी ठेवली. नको म्हणायचीही त्याला लाज वाटली.

पुढचे बारा दिवस कुंदन वेगळाच माणूस झाला होता, असं मेहुल सांगतो. प्रत्येक मशीनचा माल आधी उतरवून घ्यायचा. दोन गिऱ्हाइकांना त्याने आपणहून सांगितलं, चूक माझी होती, तुमची नाही. पण बोलणं फार कमी केलं होतं. ते वाक्य आत वाजायचं ते वाजतच होतं, उलट जास्त. फक्त आता ते बाहेर सांडेल की काय या भीतीने तो दात घट्ट आवळून काम करायचा.

तेराव्या दिवशी गुरुवार होता. मेहुल पालघरला कुणाच्या ऑफिसात प्रिंटर लावायला गेला होता. कुंदन सकाळी नऊपासून दुकानात एकटाच होता, आणि तेव्हापासून तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. भर बाराला स्वातीचा फोन आला.

"दादा... कामात हाय काय?"

"बोल ना. लॅपटॉप ठीक आहे ना?"

"लॅपटॉप बरा हाय." तिचा आवाज अडखळत होता, जणू चूक तिचीच होती. "दादा, आमी काय मुद्दाम ऐकत नव्हतो. बाबांना रोज गाणी लावून देते मी. आज बघते तर आईच्या फोल्डरात... आजीच्या गाण्यांत एक जास्तीची फाईल हाय. मला वाटलं तुमीच ठेवली."

कुंदनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर पडला.

"काय आहे तिच्यात?"

"तुमचा आवाज हाय."

खाली झेरॉक्स मशीन धडधडत होतं.

"तुमी एकच बोलताय दादा. तेच, परत परत. थांबतच नाय."

"काय बोलतोय मी?"

स्वाती म्हणाली, "मला नाय म्हणवत ते. बाबांनी ऐकलं. बाबा भिंतीकडं तोंड करून पडलेत."

कुंदनला वाटलं, सांगावं की मी पुसली ती फाईल. पण पुसलेल्या फाईलमध्ये ते वाक्य एकदाच होतं. आणि त्याआधी किंवा त्यानंतर, त्या दिवसाखेरीज, ते त्याने तोंडाने कधीच उच्चारलं नव्हतं. कुणाजवळच नाही. एकट्यानेही नाही.

"स्वाती," त्याने कसंबसं विचारलं, "तारीख कधीची आहे तिच्यावर?"

पलीकडे बटणांचा टकटक आवाज झाला.

"आजची," ती म्हणाली. "सकाळी नऊची. पण दादा... ती संपलेली नाय. मी बघते हाय ना, वाढतेच हाय."